खालचा मजला उघडा ठेवायचा की नाही

सुधीर, उत्तर न देताच गेलास. हे काही बरं केलं नाहीस.

गुरुवारी फोनवर मी तुला एक प्रश्न विचारला होता. तू म्हणालास, "थांब, याला उत्तर आहे. पण तुला एकट्याला नाही देणार. मीटिंगला ये, चारचौघांत देतो." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शैला चहा घेऊन आली, तर तू खुर्चीत कलंडलेला. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. तुला कळलं नसेल, पण आमचं काय?

तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही. मंजू म्हणते, "बसा हो जरा, किती येरझाऱ्या घालाल!" मी गाडी काढतो, ट्वेल्व्ह माइल रोडवरून जातो आणि इथल्या मराठी मंडळाने इमारतीसाठी घेतलेल्या प्लॉटपाशी थांबतो. तिथे अजून काहीच नाही. कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग, मध्ये चिखल आणि प्लॉट आपला असल्याची पाटी. मी गाडीतच बसून त्या चिखलाकडे बघतो आणि तुझ्याशी भांडतो. मग घरी येतो आणि पुन्हा निघतो. तू कुठे जन्मलास, काय शिकलास, इथे मिशिगनमध्ये नोव्हायला कधी आलास, हे सगळं मंडळाच्या वेबसाइटवर आलंय. निखिल आता अध्यक्ष आहे, त्याने तुझा फोटोही बरा निवडलाय. मला त्यात पडायचं नाही. मला माझं उत्तर हवं होतं.

एका जर्मन इमारतीवरून दोन म्हातारे इतकी वर्षं भांडतात, याचं लोकांना हसू यायचं. त्यांना हे ठाऊक नव्हतं, की आपण दोघांनी जन्मभर दारंच केली. मोटारीच्या दाराला कडेने जी रबराची पट्टी असते ती तुझी आणि दार अडकवून धरणारं लॅच माझं. दार लागलं की 'धप्प' असा भारदस्त आवाज आला पाहिजे, पत्र्याचा डबा आपटल्यासारखा नको, एवढ्यासाठी आपण लॅबमध्ये दिवसच्या दिवस दारं आपटली आहेत. बाहेरचं पाणी, वारा, आवाज, धूळ हे सगळे तुझे शत्रू. एक थेंब आत आला तर तू जेवायचा नाहीस. आणि अशा माणसाचा जीव कशावर जडावा? तर जिच्या खालच्या मजल्याला दार नाही आणि भिंतही नाही, अशा इमारतीवर!

आठवतं ना ते पहिलं जाणं? रबर पुरवणाऱ्या फॅक्टरीत ट्रायल घ्यायला आपल्याला पाठवलं होतं. फॅक्टरी जर्मनीत, डोंगरातल्या एका लहान गावाबाहेर होती. ट्रायल फसली, पट्टी तिसऱ्यांदा फाटली आणि तू वैतागून म्हणालास, "चल, गावात जाऊन काहीतरी खाऊ." चौकात आलो आणि तू थांबलास. समोर ते राटहाउस. राटहाउस म्हणजे गावच्या पंचांची बसायची जागा, आपण नगरपालिकेची कचेरी म्हणू. पण कचेरीसारखं त्यात काही नव्हतं. खाली ओकचे जाडजूड खांब आणि त्यांच्यामध्ये मोकळी फरसबंदी. त्यावरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे आलेला, त्याच्यावरचा आणखी पुढे. काळपट लाकडाची चौकट बाहेरूनच दिसते, तिरके आडवे वासे, मधले चौकोन चुन्याने पांढरे केलेले. वर उभ्या उताराचं छप्पर आणि त्याच्या टोकाला घंटेचा चिमुकला मनोरा. सगळी इमारत एका बाजूला किंचित खचलेली. खांबांमध्ये एक बाई बटाटे विकत होती, दोन पोरं सायकली टेकवून उभी होती आणि एक म्हातारा नुसताच बसला होता.

"भिंत नाही," तू म्हणालास. जेवण राहिलंच. तू खांबांमधून फिरत सुटलास.

मग जितक्या वेळा तिकडे गेलो तितक्या वेळा तू तिथे गेलास, आणि मलाही ओढून नेलंस. एरवी गाइड दिसला की पळणारा तू, त्या इमारतीची खडानखडा माहिती काढलीस. खाली बाजार भरायचा. पावसातही पाव भिजू नये, कापड भिजू नये, म्हणून वर इमारत. वर पंच बसायचे. एका खांबाला लोखंडी पट्टी ठोकलेली, ते गावाने ठरवून दिलेलं कापडाचं माप. व्यापाऱ्याने कमी मोजलं असं वाटलं, की गिऱ्हाइकाने कापड आणून त्या पट्टीला लावायचं, कुणाची परवानगी नको. तू गळ्यातला मफलर काढून तिला लावलास आणि मंजूने विणलेला मफलर मापाला कसा कमी भरतो ते मला सांगत बसलास.

सुतारांच्या खुणा तर तू मला इतक्या वेळा दाखवल्यास, की डोळे मिटून सांगेन. आधी अख्खी चौकट जमिनीवर आडवी मांडायची, प्रत्येक सांधा बसतो का बघायचं, त्यावर छिन्नीने खुणा करायच्या, मग सगळं सोडवायचं आणि खुणेला खूण लावून उभं करायचं. खिळा नाही, लाकडाच्याच खुंट्या. "म्हणजे आपण करतो तेच रे हे," तू म्हणायचास, "ट्रायल फिटिंग!" फरक एवढाच, की त्यांची ट्रायल पहिल्याच खेपेत पास झाली.

आणि त्या खाचा! पुढच्या काळातल्या लोकांना उघड्या लाकडाची लाज वाटायला लागली. दगडी घर म्हणजे श्रीमंती, लाकूड म्हणजे गावंढळपणा. मग त्यांनी सगळ्या वाशांवर कुऱ्हाडीने टवके काढले, गिलावा धरावा म्हणून, आणि इमारत लिंपून टाकली. कितीतरी पिढ्यांना आत लाकूड आहे हेच माहीत नव्हतं. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी गिलावा खरवडून काढला. टवके राहिले. तू त्यावरून बोटं फिरवायचास आणि म्हणायचास, "बघ, देवीचे व्रण." मला तेव्हा तुझा राग यायचा. भूक लागलेली असायची.

खरं भांडण मात्र खालच्या मजल्याचं. मधल्या काळात त्या लोकांनी खांबांमध्ये विटांच्या भिंती घातल्या होत्या आणि आत आगीचा बंब ठेवला होता. हे मला कळलं तेव्हा मी उड्याच मारल्या. "बघ! त्यांनीसुद्धा शेवटी दार लावलंच की!"

"आणि परत काढलं," तू म्हणालास.

"थंडीने मेले असतील, म्हणून लावलं."

"पुणेकर ना तू. तुम्ही आधी दार लावता आणि मग विचारता, कोण आहे."

"आणि तुम्ही अमरावतीचे लोक कोण आहे न विचारता जेवायला बसवता, मग रात्रभर त्याची बडबड ऐकता."

"ऐकतो ना," तू म्हणालास. "वर बसणाऱ्याला खालचं ऐकू यायलाच पाहिजे."

हे वाक्य तू तेव्हापासून धरून बसलास. वरच्या पंचांच्या खोलीत, त्या फळ्यांच्या जमिनीवर उभं राहिलं की खालचा बाजार ऐकू येतो, अगदी बटाटेवाली कुणाला काय बोलली तेही. तू म्हणायचास की ही चूक नाही, हीच त्या घराची अक्कल आहे. आणि मंडळाची स्वतःची इमारत बांधायचं ठरलं तेव्हा तू समितीत हे घेऊन शिरलास. सभागृह वर. खाली फक्त खांब, बाक आणि छप्पर. कुणीही यावं, बसावं. मेंबरशिप कार्ड नको, टेबल टाकून बसलेला स्वयंसेवक नको, मनगटाला कागदी पट्टा नको.

लोक तुला वेड्यात काढत होते आणि त्यात सगळ्यात पुढे मी होतो. मिशिगनमध्ये! जिथे नोव्हेंबरपासून नाकाचा शेंडा जाणवत नाही तिथे हा उघडी ओसरी बांधणार! तू मला गाडीत घालून तुमच्याच सबडिव्हिजनमधून, तुमच्या घरांच्या वसाहतीतून फिरवलंस. दुपारची वेळ. कुणाचे तरी आईवडील भारतातून आलेले, मुलगा-सून ऑफिसात, गाडी चालवता येत नाही. दोघं त्याच गोल रस्त्यावरून फेऱ्या मारत होती. काकूंच्या साडीखाली स्पोर्ट्‌स शूज, काकांनी कानटोपी घातलेली. "ह्यांनी कुठे बसायचं?" तू विचारलंस. मी म्हटलं, लायब्ररीत. तू म्हणालास, "लायब्ररीत बोलता येतं का?"

मग आपल्याच कुलकर्ण्यांची रिया. इथेच जन्मली, वाढली, आर्किटेक्ट झाली. तिने तुझं सगळं ऐकून घेतलं आणि खरोखरच ड्रॉइंग काढलं. हिवाळ्यासाठी खांबांमध्ये सरकत्या काचा सुचवल्या. तू तिलाही सोडलं नाहीस. "काच लावलीस की ते दार झालं, बेटा." ती हसून म्हणाली, "काका, यू आर इम्पॉसिबल." तिने छपरातून ऊब सोडणारे हीटर बसवले आणि काचा काढून टाकल्या. त्या दिवशी तू मला फोन करून अर्धा तास छळलंस.

आता माझा प्रश्न. निवृत्तीनंतर आपण चौघं तिकडे गेलो होतो, बायकांना ते गाव दाखवायला. तू शैलाला आणि मंजूला ते माप दाखवलंस, खुणा दाखवल्यास. दुसऱ्या एका खांबावरचं लोखंडी कडं तू नेहमीप्रमाणे गाळलंस. ते मी दाखवलं. गुन्हेगाराच्या गळ्यात ते कडं अडकवून त्याला दिवसभर बाजारात उभं करायचे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने थुंकावं. तुझी ती मोकळी ओसरी या कामालाही यायची. तू म्हणालास, "तो काळच तसा होता." मग चालता चालता शैलाच्या पायाखाली काहीतरी चकाकलं. फरसबंदीत बसवलेल्या छोट्या पितळी चकत्या. प्रत्येकीवर एक नाव. त्याच बाजारात कापड विकणारं एक ज्यू कुटुंब होतं. त्यांना आधी तिथे बसायला बंदी झाली, मग गावातून उचलून नेलं. सगळं याच खांबांमधून, भर बाजारात, गावाच्या डोळ्यांदेखत. तू खाली वाकलास आणि एकेक नाव मोठ्याने वाचलंस. तुझा उच्चार वाईट होता. मी विषय वाढवला नाही. त्या दिवशी जिंकावंसं वाटलं नाही.

पण मीटिंग जवळ आली, तू सगळ्यांना पटवत सुटलास, आणि गुरुवारी मी विचारलं. "सुधीर, त्या इमारतीला दार नव्हतं. तिथे माप होतं, न्याय होता, वर बसणाऱ्यांना खालचं ऐकूही येत होतं. मग त्या कापडवाल्या ज्यू कुटुंबाला तिचा काय उपयोग झाला? खालून ओरडत असतील तेव्हा वरचे काय करत होते? दार नसल्याने काय होतं ते सांग मला."

थांब म्हणालास. चारचौघांत देतो म्हणालास.

मीटिंग पुढे ढकलली होती, ती काल झाली. नेहमीचाच शाळेचा कॅफेटेरिया, नेहमीच्याच त्या मुलांच्या उंचीच्या खुर्च्या. समोर तुझा फोटो, हार, समई. शैला पहिल्या रांगेत. सगळे दोन मिनिटं उभे राहिलो. मग निखिल म्हणाला, "सुधीरकाकांचा हा ड्रीम प्रोजेक्ट होता. मला वाटतं आज आपण डिस्कशन स्किप करू या. त्यांच्या मेमरीत हे डिझाइन एकमताने पास करू या. हीच त्यांना खरी श्रद्धांजली."

टाळ्या झाल्या. काही जण डोळे पुसत होते. वर्षभर ज्यांनी तुझी टिंगल केली तेही टाळ्या वाजवत होते. आपल्या लोकांचं हे असंच. जिवंतपणी माणसाचं एक ऐकायचं नाही आणि गेला की त्याचं सगळं मंजूर. मला तुझा चेहरा दिसला. फोटोतला नव्हे, फसलेल्या ट्रायलनंतर कुणी "चालेल हो" म्हटलं की व्हायचा तो. चालेल म्हणणाऱ्याचा तुला जितका राग यायचा तितका नाही म्हणणाऱ्याचा कधी आला नाही. मी उभा राहिलो. मंजूने माझा शर्ट धरून खाली ओढला, तरी राहिलो.

"माझा विरोध आहे," मी म्हटलं.

तेराव्याच्या पंगतीत भाजीला नावं ठेवणाऱ्याकडे बघावं तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बर्फ काढला, वारा काढला, विमा काढला. मग त्या पितळी चकत्यांचं सांगितलं, कडं सांगितलं, आणि तुला विचारलेलं सगळ्यांना विचारलं. दार नसल्याने काय होतं? आणि उत्तराची वाट बघत उभा राहिलो. खरंच वाट बघत होतो रे. इतक्या वर्षांची सवय. मी बोललो की तू बोलणार.

निखिल कागद चाळत होता. रिया खाली बघत होती. मला वाटलं होतं, तुझ्या बाजूने एक तरी उठेल. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यातला एक तरी. शैला माझ्याकडे वळून बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, पण मला ती नजर सोसवेना. खाली बसावं तर तू हरणार. आणि तू असा, मैदानात नसताना हरलेला, मला नको होतास. मग मीच बोलायला लागलो. काय बोलणार ते तोंड उघडेपर्यंत मला माहीत नव्हतं.

"मी लॅचवाला आहे," मी म्हटलं. "लॅच काय करतं ते मला कळतं. दार असलं की माणसाला बाहेर ठेवायला कुणाला काही करावं लागत नाही. दारच ते करतं. आपण आत जेवत असतो, बाहेर कोण उभं आहे ते दिसत नाही, आणि आपण वाईट आहोत असं आपल्याला कधी वाटत नाही. दार नसलं तर माणसाला सगळ्यांसमोर हाकलावं लागतं, स्वतःच्या हाताने. त्या गावाने तेही केलं. पण कुणाला माहीत नव्हतं, असं त्या गावाला म्हणता आलं नाही. त्या चकत्या त्यांनी तिथेच बसवल्या, कारण ते तिथेच झालं होतं."

मागून एक बाई म्हणाल्या, "म्हणजे वाईट वागायचं तर दिसेल असं वागा, एवढंच का?"

"एवढंच," मी म्हटलं. "इमारतीला तेवढंच करता येतं. पुढचं आपल्याला करावं लागतं."

आणि मग सुधीर, जे सुरू झालं म्हणतोस! त्या बाई उठल्या, त्यांचे यजमान त्यांच्या विरुद्ध उठले. एकाने पार्किंगचा मुद्दा काढला. कुणीतरी म्हणालं, आमचे आईबाबा जूनमध्ये येतायत, ते रोज बसतील तिथे. दुसऱ्याने विचारलं, मग रोज तिथे झाडणार कोण? निखिल टेबल बडवत होता, "वन ॲट अ टाइम, प्लीज!" टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्मे आता तावातावाने तुझ्या विरुद्ध बोलत होते आणि शैला पदराने डोळे पुसत हसत होती. एकमताचं काय ते वाहून गेलं. मतदान पुढच्या मीटिंगला ठेवलंय.

त्या गोंधळात रिया माझ्यापाशी आली. ड्रॉइंगची गुंडाळी छातीशी धरलेली.

"काका, आय एम सो कन्फ्यूज्ड," ती म्हणाली. "तुम्ही फॉर आहात की अगेन्स्ट?"

"अगेन्स्ट," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

"पण मग आत्ता तुम्ही जे बोललात, ते?"

"ती सुधीरची बाजू," मी म्हटलं. "तो आज येऊ शकला नाही."